कणगीतली लक्ष्मीआई

कोलोन, जर्मनी
२० फेब्रुवारी १९९४

ती. आबांना प्रबुद्धचा जय भीम.

विहाराचा स्लॅब टाकून झाला हे तुमच्या पत्रातून कळलं. आक्काताईनं या वयात नदीतून डोक्यावर वाळू वाहिली, हे मात्र मला आवडलं नाही. थोरली बहीण आहे तुमची, जरा दटावायचं. आई गेल्यावर मला वाढवायला तिनं जो जोर लावला, तोच ती आता पाट्या उचलायला लावते आहे. बुद्धपौर्णिमेला विहाराचं दार मी उघडायचं असं मंडळानं ठरवलं म्हणता. वस्तीतला पहिला इंजिनिअर म्हणून मान देताय, पण या इंजिनिअरनं एक घमेलंही उचललेलं नाही. तरी येईन. सांगलीच्या आमच्या कारखान्यानं पाठवलेलं हे पंपांचं ट्रेनिंग मेच्या सुरुवातीला संपतं.

काल सुट्टी होती. इथे रेल्वे स्टेशनातून बाहेर पडलं की समोर एक प्रचंड चर्च आहे. लोक त्याला डोम म्हणतात. तुम्ही उभं आयुष्य कोयनेच्या धरणावर काढलंत म्हणून तुम्हाला कळेल असं सांगतो. कोयनेच्या भिंतीवर आणखी अर्धी भिंत चढवली तर होईल तेवढे उंच त्याचे मनोरे. दगड काळा पडलाय. पुरं व्हायला सहाशेच्या वर वर्षं गेली, त्यात कित्येक पिढ्या काम बंदच होतं. लढाईत अख्खं शहर बॉम्बनी भुईसपाट झालं, हे तेवढं उभं राहिलं.

चार महिने रोज बाहेरून बघत होतो. काल आत जायचं ठरवलं आणि दारात पाय थांबले. कुणी अडवलं नव्हतं. बायका, पोरं, म्हातारे, टुरिस्ट, सगळे जात होते, आणि मी खांबासारखा उभा. इतका राग आला स्वतःचा. हजारो मैल आलो तरी भैरोबाच्या देवळाची पायरी पायात अडकलेलीच. रागातच आत घुसलो. लगेच लाल झगा घातलेला एक माणूस सरळ माझ्याकडे आला. मी भांडणाची तयारी केली. त्यानं माझ्या डोक्याकडे बोट केलं. टोपी काढा, एवढंच. मी कोण, कुठला, काही विचारलं नाही.

आतलं काय सांगू. रंगीत काचांमधून ऊन खाली फरशीवर पडतं, आणि एवढी माणसं असून आवाज नाही. एका बाजूला त्यांच्या मेरीची छोटी मूर्ती आहे, बाहुलीसारखी, अंगात झगा. आणि त्या झग्यावर लोकांनी वाहिलेल्या अंगठ्या, साखळ्या, माळा अशा लटकवल्यात की मूर्ती दिसेना. मला हसू आलं. हुबेहूब आपल्या आक्काताईची कणगीतली लक्ष्मीआई. तशीच वीतभर, तशीच कपड्यात गुंडाळलेली, हिच्या गळ्यात साखळ्या तर तिच्या गळ्यात डोरलं.

समोर मेणबत्त्या लावायचं स्टँड होतं. माझा हात आपोआप गेला. मेणबत्ती लावली आणि तोंडातून निघालं, बुद्धं सरणं गच्छामि. मग लक्षात आलं कुठे उभा आहे. रोज संध्याकाळी आक्काताई बाबासाहेबांच्या तसबिरीपुढे लावायला मेणबत्ती माझ्याच हातात द्यायची ना, ती सवय. शेजारची म्हातारी माझ्याकडे बघून हसली. तिला काय कळलं कोण जाणे.

तब्येत सांभाळा. आक्काताईला जय भीम सांगा.

तुमचा
प्रबुद्ध


मु. तांबेखडी, ता. पाटण
६ मार्च १९९४

प्रबुद्धास आबाचा जय भीम.

तुजं पत्र दोनदा वाचलं. पैल्यांदा वाचून बाजूला ठिवलं, म्हटलं डोकं गरम हाय, उद्या वाचू. दुसऱ्या दिशी वाचलं तर दुप्पट गरम झालं.

बावीस प्रतिज्ञा तुला मी म्हणायला शिकवल्या. बोबडा बोलत हुतास तवापास्नं तुला पाठ हाईत. आन् तू तितं जाऊन देवीफुडं मेणबत्ती लावतूस, वर लिवतूस हाताची सवय. हाताला डोकं नसतंय, तुला हाय. आन् ‘कुनी काय इचारलं न्हाई’ म्हणून एवढा हरखलास? न इचारणं म्हंजी काय उपकार हाय व्हय? आपल्याला इचारायचा हक्क कुणालाच नव्हता. ज्येनं इचारलं त्यो चोर, ज्येनं इचारलं न्हाई त्यो काय साव झाला न्हाई. एवढं शिकून हेच कळलं न्हाई तुला.

हे मी सोसलं असतं. पण म्होरचं.

तुजं पत्र घिऊन तसाच आक्काच्या घरी गेलो. ती सुपात ज्वारी पाखडत बसली हुती. मी कायबी न बोलता कणगीचं तोंड उघडून कोपरापतूर हात घातला. ती म्हणाली, ‘हात काढ.’ काढला, पण मूर्ती घिऊनच काढला. पितळंची लक्ष्मीआई, हिरव्या खणात गुंडाळलेली, गळ्यात कुणाचं तरी डोरलं. एवढी वर्सं माझ्या नाकाखाली, भिंतीला भिंत लागून. आन् तुला म्हाईत. पोराला म्हाईत आन् बापाला न्हाई.

तुझ्या आज्ज्यानं, कोंडीबानं, धम्म घेतला तवा घरातलं समदं देव पाटीत घालून कोयनेत सोडलं. गावानं वाळीत टाकलं, दोन साल कुणी कामाला बोलावलं न्हाई, उपाशी ऱ्हायलो पण मागं बगितलं न्हाई. त्या पाटीला एका बाजूनं माझा हात हुता आन् दुसऱ्या बाजूनं आक्काचा. तीच ही आक्का.

परवा मंडळाची बैठक घेतली. सेक्रेटरी लालासाहेबानं ठराव लिवला. ज्याच्या घरी देव आसंल त्यानं विहाराच्या पायरीच्या आत यायचं न्हाई. खाली पैली सही अध्यक्षाची, म्हंजी माझी. आक्काला सांगितलं, नदीत सोडून ये न्हाईतर बाहेर बस. ती सोडत न्हाई म्हणती. कारण बी सांगत न्हाई. एकच बोलली, ‘अर्जुना, कणगी उघडलीस, इचारलं न्हाईस.’ काय इचारायचं त्यात? दिसत हुतं की.

तू पौर्णिमेला ये. दार तूच उघडायचंस. पण यायच्या आधी त्या देवळात पाऊल टाकू नकोस परत.

आबा


कोलोन
१९ मार्च १९९४

आबांना जय भीम.

तुमचं पत्र आल्यापासून कामात लक्ष नाही. काल पंपाचं सील उलटं बसवलं. म्हातारा फोरमन ओरडला नाही, नुसता बघत राहिला. ओरडला असता तर बरं झालं असतं.

पहिलं म्हणजे चूक माझी आहे. घरात सगळ्यांना माहीत असेल या समजुतीनं मी लिहून गेलो. लहानपणी आक्काताई कणगीतून दाणे काढताना मूर्ती दिसायची, मी विचारलं की म्हणायची, झोपलीया ती, उठवू नको. मला तो खेळ वाटायचा. मी तिला ती कधी पुजताना पाहिलं नाही. हळद नाही, कुंकू नाही, निवद नाही. तुम्हाला पूजा कुठे दिसली? मूर्ती दिसली आणि लगेच बैठक.

आता तुमचं सांगतो. मी पाच वर्षांचा होतो. तुम्ही मला खांद्यावर घेऊन भैरोबाच्या देवळासमोर नेलंत आणि बोटानं पायरी दाखवलीत. म्हणालात, हितं एक माणूस उभा ऱ्हातो आन् आपल्याला हुसकतो, त्याचं तोंड नीट बगून ठेव. मी बघून ठेवलंय. आता आपली स्वतःची पायरी झाली, आणि तिच्यावर तुम्ही जाऊन उभे राहिलात. त्या पायरीतली वाळू कुणी आणली? वाळू चालली, तिला आणणारी चालत नाही?

तुम्ही म्हणालात परत पाऊल टाकू नको. मी दुसऱ्याच दिवशी गेलो. रागात पाचशे तेहतीस पायऱ्या चढून मनोऱ्यावर गेलो आणि खाली उतरलो. चर्चच्या बाजूला पाथरवटांचा कारखाना आहे. सहाशे वर्षांचा दगड झिजतो, म्हणून हे लोक रोज नवा दगड घडवून जुन्याच्या जागी बसवतात. हे काम कधीच संपत नाही म्हणे. एक बाई पण होती त्यात, हातात छिन्नी, अंगभर धूळ. दुपारी तशीच धुळीची उठून आत गेली, बाकावर बसून डबा उघडल्यासारखी निवांत बसली. ती घरी काय ठेवते हे विचारायला तिच्या कणगीत कुणी हात घालत नसेल.

आणि मी उपकार मानले नव्हते. दारात मला राग आला असं स्पष्ट लिहिलं होतं. तुम्हाला फक्त मेणबत्ती वाचता आली.

जोवर आक्काताई आत जात नाही, तोवर त्या दाराला माझा हात लागणार नाही. हे लालासाहेबांना सांगून मंडळाच्या वहीत लिहून घ्या.

प्रबुद्ध


तांबेखडी
३ एप्रिल १९९४

प्रबुद्धास जय भीम.

मला पायरी शिकवतूस. बरं. मंग माझी पायरी आईक. तुला मी कवा सांगितली न्हाई.

सदुसष्टची गोष्ट हाय. तू सहा म्हैन्याचा हुतास. डिसेंबरात पहाटं धरणीकंप झाला. कोयनानगर बसलं, आपल्या गावचं देऊळ बसलं. आमी समदी बाहेर पळालो तर गावातनं आत्ताच्या सरपंचाचा, हंबीररावाचा बाप बोंबलत आला. म्हणाला, देऊळ पडलं, गुरवाची बायको आत गावली, तुमी धरणावरची माणसं, तुमाला धोंडं उचलाय येत्यात, चला. तुझा आज्जा म्हणाला, जाऊ नगंस. मी म्हटलं, बाई मरंल. गेलो.

प्रबुद्धा, जल्मात पैल्यांदा मी त्या देवळात पाय टाकला आन् त्याला छप्पर नव्हतं. गाभाऱ्याचं धोंडं माझ्या या हातांनी काढलं. भैरोबाचा तांदळा, त्यो शेंदराचा धोंडा, आडवा पडला हुता तिच्या पायावर, त्यो बी मी उचलला. कुणी म्हटलं न्हाई शिवू नगंस. बाईला खांद्यावर टाकून भाईर आणली. जगली ती. हंबीररावाचा बाप रडला माझ्या गळ्यात पडून.

दीड वर्सानं देऊळ परत उभं ऱ्हायलं. मी बघाय गेलो. देव मानत न्हाई, पण म्हटलं बघू कसं बांधलंय, माझ्या हातनं निघालेला धोंडा कुठं बसवलाय. तर त्योच हंबीररावाचा बाप पायरीवर आला आन् हळूच म्हणाला, ‘अर्जुना, खालनंच बग गड्या.’ ओरडला असता तर मी डोकं फोडलं असतं त्याचं. गड्या म्हणाला.

तवापास्नं मी ठरवलं, आपली एक जागा करायची आन् त्यात त्यांचा एकबी देव फटीतनंसुदीक येता कामा नये. न्हाईतर कालांतरानं आपलीच पोरं परत त्या पायरीखाली जाऊन उभी ऱ्हातील. आता हंबीरराव म्हणतो, आबा, आता समदं बदललं, या की देवळात. मला न्हाई जायचं. आन् तू मला त्या माणसाच्या पंगतीला बसवतूस. त्यो जात बगत हुता. मी घरातला देव बगतूय. आक्कानं तेवढा नदीत टाकला की आत ये म्हणतूय मी. त्यानं मला काय टाकून ये म्हणून सांगितलं हुतं का? माझ्या अंगाची कातडी टाकून जाऊ?

ठराव ऱ्हाईल. तू दार उघडायचं नसंल तर नगं उघडू. मी उघडंन.

आबा


तांबेखडी
१४ एप्रिल १९९४

प्रबुद्धा,

मी आक्का. हे पत्र मीच लिवतेय. साक्षरतेच्या वर्गात दोन वर्सं पाटी घासली त्याचं हे. चार दिस झालं लिवतेय, आडाणी म्हणून हसू नगंस. बाहेर जयंतीची मिरवणूक चाललीया आन् मी दार लावून बसलीया.

पैलं तुला शिव्या घालायच्यात. लय शाना हायस. सात समुद्रापलीकडनं माझं भांडण भांडतूस. तुला कुणी सांगितलं? पैलं माझं गुपित बापाला लिवलंस, मंग बापाला ताव दावलास. आता त्यो माझ्या दारावरनं जाताना मान फिरवतो. मला कुणाची वकिली नगं. साठ वर्सं मी माझं मीच बगितलंय.

आबानं तुला धरणीकंपाचं लिवलं आसंल. त्याचं त्योच सांगत हुता मंडळात, पोराला समदं लिवलं म्हणून. त्यानं अर्धं लिवलं. बाकीचं मी सांगतेय, कारण तू आता हट्टाला पेटलायस आन् कशापाई पेटलायस ते तुला म्हाईत पायजे.

त्यो गावात देवळाचं धोंडं काढाय गेला. तवा आमच्या घराची भिंत उभी हुती. त्यो गेला आन् घटकाभरानं दुसरा हादरा बसला, भिंत आत आली. थंडी लय म्हणून तुला परत आत पाळण्यात निजवलं हुतं. तुझी आई बनाबाई एकटी हुती, आज्जा वस्तीत बगाय गेलता. मी माझ्या घरनं धावत आले तवा ती हातानं माती उकरत हुती. नखं निघाली हुती तिची. तुळई आडवी पडून पाळण्यावर टेकली हुती, त्याच्या खाली तू. तुला काढलं तवा तू रडलास बी न्हाई. पाळण्याच्या गोधडीत उशाला ती मूर्ती हुती. तिच्या आईनं लग्नात लुगड्यात गुंडाळून दिलेली. तिनं ती सासऱ्याच्या आन् नवऱ्याच्या भ्यानं गोधडीत लपवली हुती. ती म्हणायची, हिनं माझं पोर राखलं. मी म्हणायचे, तुळईनं राखलं. पण तिला कोण सांगणार. नवरा दुसऱ्याच्या बायकोला काढत हुता, तिला कुणीतरी आपलं पायजे हुतं की न्हाई?

अर्जुन दुपारी घरी आला तवा तिनं त्याला सांगितलंच न्हाई की पोर भिंतीखाली गावलं हुतं. म्हणाली, भिंत पडली, आमी भाईर हुतो. त्याला गावानं खांद्यावर घेतलं हुतं त्या दिशी. तिनं ते मोडलं न्हाई. चार वर्सांनी ती गेली. जायच्या आधी तिनं आपल्या गळ्यातलं डोरलं काढून मूर्तीच्या गळ्यात घातलं आन् माझ्या हातात दिलं. म्हणाली, पोराला संबाळ आन् हिला बी, आन् ह्यांस्नी सांगू नगा.

मी देव मानत न्हाई. माझ्या घरात बाबासाहेब हाईत. पण मेलेल्या बाईला दिलेला शब्द मी नदीत टाकायचा न्हाई. तुझ्या बापाच्या विहारासाठी बी न्हाई.

हे त्याला लिवू नगंस. लिवलंस तर मी तुझं तोंड बघणार न्हाई.

आक्का


कोलोन
२८ एप्रिल १९९४

आबांना जय भीम.

ट्रेनिंग जूनअखेरपर्यंत वाढलं. पौर्णिमेला मी नाही. भांडणावरून येत नाही असं वाटून घेऊ नका. रजा मागितली, मिळाली नाही, इथेही भांडून झालं.

तुमचं मागचं पत्र मी वाचलं. त्या माणसाच्या पंगतीला तुम्हाला बसवलं ते शब्द मी मागे घेतो. तुमचा राग खरा आहे. पण माझाही खरा आहे.

आक्काताईनं मला पत्र लिहिलं, स्वतःच्या हातानं. काय लिहिलं ते मी सांगणार नाही, तिनं मना केलंय. मी तिचं एक गुपित नकळत फोडलं, दुसरं जाणूनबुजून फोडणार नाही. एवढंच म्हणतो. तिनं तुम्हाला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, इचारलं न्हाईस. मग आता विचारा. मूर्ती कुणाची आहे, एवढं एकच. अध्यक्ष म्हणून नका जाऊ, भाऊ म्हणून जा. त्यानंतर तुम्हाला जो ठराव करायचा तो करा, मी एक अक्षर बोलणार नाही.

प्रबुद्ध


तांबेखडी
२९ मे १९९४

प्रबुद्धास आबाचा जय भीम.

तुजं पत्र दोन दिस खिशात घालून हिंडलो. मला हुकूम सोडतूस म्हणून राग आला हुता. तिसऱ्या दिशी गेलो आक्काकडं. ती चुलीफुडं भाकरी थापत हुती. मी दारातच उभं ऱ्हाऊन इचारलं, कुणाची हाय. तिनं थापलेली भाकरी तव्यावर टाकली. मंग तव्याकडं बगत समदं सांगितलं. सांगून झालं तवा भाकरी करपली हुती, त्याचा बी राग तिनं माझ्यावर काढला. म्हणाली, सत्तावीस वर्सं लावलीस इचारायला, आजून चार दिस थांबला असतास तर काय बिघडलं असतं.

मूर्ती परत हातात घेतली. ते डोरलं मी पाटणच्या बाजारातनं आणलेलं. एक वाटी जरा चेपलेली, सोनारानं बदलून देतो म्हटलं तर बना म्हणाली ऱ्हाऊ दे, वळखाय बरं. पैल्यांदा कणगीतनं काढली तवा मी त्यो दागिना बगितला, तुला लिवला बी, कुणाचं तरी डोरलं म्हणून. बायकोचा दागिना मला वळखता आला न्हाई. मला माझा आलेला राग तुला कागदावर दावता येत न्हाई.

आता पौर्णिमेचं. सकाळी समदी वस्ती जमली. विहाराच्या फुडं रांगोळी काढली हुती. आक्का लांब लिंबाखाली उभी हुती, चांगलं पांढरं लुगडं नेसून. मी ठराव काढून वाचला, हुता तसाच. मंग सांगितलं की चूक झाली हाय. देव आक्काच्या घरचा न्हाई, माझ्या घरचा हाय. माझ्या बायकोनं ठिवलेला. कालच कणगीतनं काढून मी तो माझ्या घरात आणलाय. तवा आक्काचं घर मोकळं हाय आन् माझं न्हाई. किल्ली आक्काच्या हातात दिली. ती माझ्याकडं अशी बघाय लागली जशी मी तिला चापट मारलीया. पण दार तिनंच उघडलं. समदी आत गेली. मी पायरीवर बसलो.

लालासाहेब भाईर आला, म्हणाला, आबा, ठराव आत्ताच्या आत्ता रद्द करू. मी म्हटलं, माझ्यासाठी व्हय? आक्का अडीच म्हैने भाईर हुती तवा तुजा पेन कुठं गेलता? गप आत गेला. रस्त्यानं हंबीरराव चालला हुता, थांबून म्हणाला, काय आबा, आपल्याच देवळाबाहेर? त्याला म्हटलं, देऊळ न्हाई ते, आन् मला कुणी बसवलं न्हाई, मी बसलोय. त्यो फरक त्याच्या सात पिढ्यांस्नी कळायचा न्हाई.

आतनं वंदना ऐकू येत हुती. आक्काचा आवाज समद्यांच्या वर. वंदना झाल्यावर ती खिरीची वाटी घिऊन भाईर आली आन् पायरीवर शेजारी बसली. म्हणाली, ‘ऊठ, आत चल, तमाशा नगं.’ मी न्हाई उठलो. मंग म्हणाली, ‘अर्जुना, खरं सांग. बनानं तवाच तुला दावली असती तर काय केलं असतंस?’ मी खीर खाल्ली.

तिला सांगितलं न्हाई, तुला सांगतो. काढलं असतं मी बनाला घराबाहेर. त्या दिसांत मी तसाच हुतो, बाप बी तसाच. तिला ते म्हाईत हुतं. म्हणून पोर मातीखाली गेलं हुतं एवढं सुदीक बोलली न्हाई ती. मला खालनं बग म्हणणारा गावात एक हुता. तिला तिच्याच घरात चार वर्सं खालनं बगाय लावलं ते मी. आक्का म्हणती, आता रडून काय उपयोग. मी रडत न्हाई. मला राग येतोय, आन् ज्याचा येतोय त्यो हितंच बसलाय.

मंडळ ठराव रद्द करंल पुढल्या बैठकीत, करू दे. मी या वर्साला तरी आत जाणार न्हाई. कुणी मला आग्रह केला तर मी त्याच्याशी बोलणार न्हाई, तू बी करू नगंस. मूर्ती फळीवर ठिवलीया, बनाच्या लुगड्याशेजारी. मी तिला हात जोडत न्हाई आन् जोडणार बी न्हाई.

तू जूनमधी निघायच्या आधी त्या देवळात परत जा. लाल झग्यावाल्यानं टोपी काढ म्हटलं तर काढ. त्या बाहुलीफुडं एक मेणबत्ती लाव. तिच्यासाठी न्हाई, तुझ्या आईसाठी. हितं मला लावता येत न्हाई, समदी बगत्यात. हात जोडू नगंस, ते मी आजूनबी खपवून घेणार न्हाई. नुसती लाव, आन् बनाला सांग, म्हणावं घरात ठिवलीया, फळीवर, समद्यांच्या फुडं. आता लपवायचं कारण न्हाई.

तुझा
आबा